शालीवरचा लॅपटॉप

माझ्या आयुष्यात मी सर्वात जास्त ऋणी आहे तो आमच्या गणिताच्या सरांचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. ते सरांमुळे. फॉर्म भरायला तेच माझ्याबरोबर आले, वसतिगृहाच्या दारापर्यंत तेच सोडायला आले.

शाळेतली संगणकाची खोलीही सरांकडेच होती. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचं. प्रत्येक संगणकावर सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, जुन्या साड्यांची शिवलेली झाकणं असत. कीबोर्डखालीसुद्धा कापडाची घडी असे. यंत्र उघड्या लाकडावर ठेवायचं नाही, असा सरांचा नियम होता. मी पदवीधर झालो तेव्हा निवृत्तीच्या समारंभात त्यांना मिळालेली शाल त्यांनी माझ्या खांद्यावर घातली. म्हणाले, "मला मिळाली तेव्हा काम संपलं होतं. तुझं आता सुरू होतंय."

आता मी भूगावला एका शेतकरी कुटुंबाच्या बंगल्यात तळमजल्यावरच्या खोलीत राहतो. पिरंगुटच्या एका छोट्या कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. तीन दिवस ऑफिसात, बाकी दिवस खोलीवरून. खोलीवरच्या दिवशी कधी कधी संध्याकाळी दूध आणायला गेलो की लक्षात येतं, आज आपण तोंडातून पहिला शब्द हा काढतोय. आसपास इमारती इतक्या भराभर उठल्या आहेत, की समोरच्या बाल्कनीतलं माणूस ओळखीचं होईपर्यंत बदलून जातं. खोलीत माझ्याखेरीज आवाज करतो तो लॅपटॉपचा पंखा.

सर इथून जवळच, भरे गावात राहतात. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून आमचं पत्रांवर चालतं. गेल्या वर्षी त्यांचं पत्र आलं. कातकरी वाडीतली मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. त्यांना मोबाइलवर बघता येतील असे गणिताचे छोटे पाठ सरांना तयार करायचे होते. चित्रण मोबाइलवर करणार, पण ते कापायला, जोडायला संगणक हवा. "लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप? तू सांगशील तो घेतो," असं त्यांनी लिहिलं होतं.

सरांनी मला काही विचारावं, याचाच मला इतका आनंद झाला की मी रीतसर परीक्षा घेतली. त्यांनी नमुना म्हणून मोबाइलवर चित्रित करून पाठवलेला वीस मिनिटांचा अपूर्णांकांचा कच्चा पाठ ऑफिसातल्या डेस्कटॉपवर घातला आणि माझ्या लॅपटॉपवरही. दोन्ही प्रोसेसरच्या नावात आकडा एकच, दोन्ही एकाच वर्षी घेतलेले. डेस्कटॉपने पाठ चौदा मिनिटांत तयार करून दिला. लॅपटॉपला एकेचाळीस मिनिटं लागली. नाव सारखं असून एवढा फरक का, हेही मी वाचून काढलं. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला ऐसपैस पेटी, मोठा पंखा आणि हवी तेवढी वीज मिळते. लॅपटॉपचा प्रोसेसर वहीएवढ्या जागेत कोंबलेला. फार तापला की जळू नये म्हणून तो आपणच धीमा होतो. हे सगळं मी चार पानं भरून सरांना कळवलं आणि शेवटी अधोरेखित केलं, "डेस्कटॉपच घ्यावा."

सरांनी डेस्कटॉप घेतला.

मी भऱ्याला गेलो तो त्यानंतर चार महिन्यांनी. अंतर काही फार नाही. एकटं राहायची सवय झाली की जवळची माणसंही लांब वाटायला लागतात, एवढंच कारण देता येईल. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर डेस्कटॉप होता, त्यावर साडीचं झाकण.

"यंत्र उत्तम आहे," सर म्हणाले. "फार जलद."

"जलद आहे हो," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण त्याच्यापाशी बसायचं कोणी? दहा मिनिटं झाली की गुडघे धरून उठतात. मग मी झाकून ठेवते. हल्ली मी त्याचीच धूळ पुसते आणि यांना तेल लावते."

"अगं, होईल," सर हसले.

एकही पाठ पुरा झाला नव्हता. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. परतताना मी स्वतःची समजूत घालत राहिलो: लॅपटॉप घेतला असता तरी काय, एकेका पाठाला पाऊण तास लागला असता. सर कंटाळून गेले असते.

पुढच्या रविवारी दुपारी घरमालकीण मावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या. मी काम करत होतो. त्या दारातच थांबल्या.

"काय रं, त्याच्याखाली शाल कशापायी? अंडी उबवतुयास का काय?"

"मावशी, यंत्र उघड्या टेबलावर ठेवत नाहीत."

"कुणी सांगितलं?" त्यांनी लॅपटॉपला बोट लावून झटकन मागे घेतलं. "आरं, तवा झालाय ह्याचा! उन्हातनं आलेल्या बैलावर कुणी घोंगडं टाकतं व्हय? लई शिकलेला हायेस, पर एवढं कळंना तुला?"

त्या ताक ठेवून गेल्या. मी लॅपटॉप उलटा केला. हवा आत घेण्याच्या फटी खालच्या बाजूलाच होत्या. त्यांत शालीचे लोकरी धागे अडकले होते. सरांची ती शाल मी कॉलेज सुटल्यापासून चौपदरी घडी करून लॅपटॉपखाली ठेवत आलो होतो. परीक्षा घेतली त्या दिवशीही तो तिच्यावरच होता.

फटी साफ केल्या, लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला आणि तोच पाठ पुन्हा घातला. तेवीस मिनिटं. ताक तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी हे पत्र टाकलं.

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

मी तुम्हाला चुकीचं उत्तर कळवलं. लॅपटॉप तुमच्या शालीवर ठेवून मी त्याची परीक्षा घेतली, त्यामुळे त्याचा श्वास कोंडला होता. नीट ठेवल्यावर त्याला तेवीस मिनिटं लागतात. डेस्कटॉप त्याहून जलद आहेच, तेवढं माझं खरं होतं. पण तुम्ही कसे बसता, किती वेळ बसू शकता, हे मी विचारलंच नाही. तुम्ही आम्हाला सांगायचात, गणित सोडवण्याआधी दोनदा वाचा. मी एकदाही वाचलं नाही.

येत्या रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन येतो. तो खाटेवर घेऊन काम करता येईल. खाली लाकडी पाट ठेवायचा, उशी किंवा गोधडी नाही. काकूंना सांगा, त्याला झाकण शिवू नका. तुमचा डेस्कटॉप मी घेऊन जाईन. मला एका जागी बसायला काही अडचण नाही. या खोलीतून मला हलवणारं कोणी नाही.

नकार देऊ नका. पहिले काही पाठ आपण दोघं मिळून करू. मी दर रविवारी येत जाईन. चार महिने आलो नाही, याचं कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि मलाही नीट सांगता येणार नाही.

शाल धुऊन वाळत घातली आहे. ती परत आणणार नाही. थंडीत अंगावर घेईन.

तुमचा विद्यार्थी