हूं म्हणायला शिकलेला शांतवन

जुन्नरच्या बाजारपेठेत उत्तमचंद शेठच्या कापडदुकानावर एक खोली आहे. जिन्यापाशी पाटी आहे, 'समुपदेशन केंद्र'. दोन हजार साली ती पाटी लागली तेव्हा शेठनी मला अडवून विचारलं, "गुरुजी, तुमचा मित्र उपदेश करणार आणि लोक तो ऐकायला जिना चढणार? आपल्याकडे तर उपदेश चहाच्या टपरीवर मिळतो, मागावासुद्धा लागत नाही!" शेठचं काही चुकलं नव्हतं. पण शांतवन त्या खोलीत गेली सहा वर्षं उपदेश सोडून बाकी सगळं करतो. लोक येतात, बोलतात, डोळे पुसतात, आणि उतरताना शेठकडून एखादा टॉवेल घेऊन जातात. आता शेठची काही तक्रार नाही.

हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता बरं का. शाळेत तो माझ्याच बाकावर होता. चर्चमागच्या आळीत त्याचं घर. त्यांच्या बायबलात शांतवन म्हणजे सांत्वन, म्हणून बापानं हौसेनं ते नाव ठेवलं. पण नाव शांतवन आणि हा घडीभर शांत नाही! वक्तृत्वाचे सगळे कप ह्याच्या घरी. पुढे शिक्षक झाला आणि दहाव्याच्या भाषणांना त्याला गावोगाव मागणी आली. आमच्या भागात कुणी वारलं की दहाव्याच्या विधीला प्रवचन होतं, मग पुढारी, सोसायटीचे चेअरमन, मित्रमंडळी एकेक करून श्रद्धांजलीला उभी राहतात. तिथं धर्म कुणी विचारत नाही, चांगलं बोलता आलं पाहिजे. शांतवन दोन मिनिटांत बायाबापड्यांना रडवायचा आणि तिसऱ्या मिनिटाला घड्याळ बघायचा.

एकदा मात्र त्याच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं त्याला रस्त्यात गाठलं. तिची मुलगी वारली होती आणि शांतवन तिथंही बोलला होता. ती म्हणाली, "लई छान बोललात. पण माझ्या पोरीचं नाव चुकीचं घेतलंत." हे मला सांगताना शांतवनचा चेहरा उतरला होता. शहाण्णव साली त्यानं नोकरी सोडली आणि पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, नाव घातलं. चर्चमधली वडीलधारी मंडळी खूश झाली, पोरगा पाळक होणार म्हणून. तर ह्यानं घेतला समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. "पाळक व्हायचं न्हाई तर सेमिनरीत काय भांडी घासणार?" असं एकानं तोंडावर विचारलं.

सुट्टीत आला की तिथल्या गमती सांगायचा. वर्गात समोरासमोर दोन खुर्च्या. एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. नंतर झालेलं बोलणं शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं, डाव्या बाजूला दुःखी माणूस, उजव्या बाजूला आपण. केरळचे एक सर तो कागद लाल पेनानं तपासायचे. शांतवनची उजवी बाजू नेहमी खालपर्यंत भरलेली. सरांनी एकदा शेरा मारला, 'हे प्रवचन झालं. समोरचा माणूस कुठे आहे?' शेवटच्या वर्षाला दुःखात असलेल्या एका माणसासोबत आठ वेळा बसायचं होतं. दोघंजण दुसऱ्याच भेटीत ह्याला कंटाळून निघून गेले. हातात शेवटचे तीन महिने उरले.

त्याच वेळी आमच्या घरात, पिंपरी पेंढारला, आई गप्प झालेली होती.

माझे वडील, भिमाजी आबा, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ओतूरच्या बाजाराला निघाले आणि वाटेत प्रवाशांनी भरलेली जीप उलटून गेले. दहाव्याला सहा भाषणं झाली, त्यातलं एक माझं. आई, साळुबाई, मागं बायकांत बसून होती. त्या दिवसानंतर तिचं बोलणं 'हां' आणि 'न्हाई'वर आलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. आरतीनं, माझ्या बायकोनं, दृष्ट काढली. मी डॉक्टर केले. डॉक्टर म्हणाले, "अंगात रोग नाही. पण अशीच राहिली तर पुढचा पावसाळा काढेल असं मला वाटत नाही." मला रात्रंदिवस तेवढंच ऐकू यायचं. शेवटी मी शांतवनला म्हणालो, "ये बाबा, बस आमच्या आईजवळ. तुलाही माणूस पाहिजे आणि मलाही."

तो एका बुधवारी आला. पुस्तकात लिहिलं होतं, समोरच्याचं म्हणणं त्याला परत म्हणून दाखवा, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळतं.

"मावशी, जेवण जातं का?"

"भूक न्हाई."

"म्हणजे तुम्हाला भूक लागत नाही."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. "मन लागंना कशात."

"तुमचं मन कशातच लागत नाहीये."

"मंग मी काय म्हनले?" आई माझ्याकडे वळली. "भरत्या, ह्यो मला वेडावून दावतोय व्हय?" आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मी त्याला फाट्यावर सोडून आलो. नऊ महिन्यांत आई एवढं पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही चिडून! पुण्याच्या पुस्तकाला कुठून ठाऊक असणार, की आमच्याकडे कुणाचं बोलणं त्यालाच परत म्हणून दाखवणं ही पोरांची टवाळी असते.

पुढच्या बुधवारी तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आला. ह्या वेळी मात्र तोंडाला कुलूप. सरांनी सांगितलं होतं म्हणे, नुसता बस. पाऊण तास दोघं ओसरीवर बसून. अखेर आईलाच राहवलं नाही. "ती करडी शेळी," ती म्हणाली, "ह्यांनीच आनली व्हती." मग थांबली. शांतवन गप्प. आईनं वाट पाहिली. शांतवन आणखी गप्प.

"आवं पावणं, हूं म्हना की! मी काय भिंतीशी बोलू?"

"हूं," शांतवन घाबरून म्हणाला.

"बेल्ह्याच्या बाजारातून."

"हूं."

"लई लाथा मारायची."

"हूं."

गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकारा द्यावा लागतो, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वक्तृत्वाचे कप मिळवणाऱ्याला मात्र ते शिकवायला माझी निरक्षर आई लागली. त्या दिवशी शेळीपासून सुरू झालेली गोष्ट विहिरीच्या खोदकामापर्यंत गेली. त्या आठवड्याच्या कागदात उजव्या बाजूला सत्तावीस वेळा नुसता 'हूं' होता. सरांनी विचारलं, ह्याचा नेमका अर्थ काय? शांतवन म्हणाला, "सर, 'मी इथंच आहे, पुढे चला.'" लाल पेन त्या कागदाला लागलंच नाही.

गावात कुजबुज झालीच. कुशाबा मला देवळापाशी म्हणाला, "भाऊ, म्हातारीला किरिस्ताव करायला येतंय का काय ते?" आईच्या कानावर ते गेलं. तिनं शांतवनला सरळ विचारलं, "तुमच्या देवाचं कवा सांगनार?" तो म्हणाला, "मावशी, तुमचं ऐकून झालं आणि तुम्ही विचारलंत, तर सांगेन." आई म्हणाली, "मंग लई येळ हाय," आणि तिनं आरतीला चहा टाकायला सांगितलं.

सहाव्या बुधवारी मी घरीच होतो. पहिली भेट सोडली तर नियमानं दोघांत तिसरा माणूस चालत नाही, म्हणून मी उठू लागलो, तर आई म्हणाली, "बस. तुझाच बाप हाय." मग ती त्या सकाळचं सांगू लागली. वडील न्याहारीला बसले, भाकरी करपली म्हणाले.

"हूं."

"मी म्हनले, चाळीस वर्सं खाताय, आज करपली?"

"हूं."

"ते पिशवी घिऊन निगाले. मी चुलीपासनं वरडले, जावा एकदाचं! परत तोंड दावू नका." आईचा आवाज फाटला. "आन् न्हाई दावलं वो त्यांनी."

आपण म्हणतो ना, त्यात तुमची काय चूक, असं मनाला लावून घेऊ नका, देवाची मर्जी. ती सगळी वाक्यं माझ्या ओठांवर आली होती. शांतवनच्याही आली असणार, त्याच्याकडे तर त्यांचा साठा होता. पण तो अगदी हळू म्हणाला, "हूं."

आई रडली. दहाव्याला न रडलेली माझी आई पदर तोंडात धरून रडली. आणि का कोण जाणे, मीही बोलून गेलो.

"आई, आबा मला म्हणाले होते, फाट्यापर्यंत सोड, तिथून एस.टी. धरतो. मी म्हणालो, पेपर तपासतोय, जीपनं जा. मी पेपर तपासत नव्हतो. मॅच बघत होतो."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आरतीलासुद्धा नाही. दहाव्याला त्याच तोंडानं भाषण केलं होतं. मान वर करायची मला हिंमत होईना.

आईनं डोळे पुसले. "येड्या," ती म्हणाली, "मला ठावं हाय त्ये. म्यॅचचा गलका चुलीपतुर येत व्हता. तुला लागंल म्हनून मी बोलले न्हाई. आन् गप ऱ्हायाचं म्हनल्यावर मंग कायबीच बोलवंना."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अडतिसाव्या वर्षी, दोन पोरांचा बाप असून. शांतवन तिथंच बसला होता, त्याचेही डोळे भरले होते, आणि ह्या खेपेला त्याला हूंसुद्धा म्हणता आलं नाही. थोड्या वेळानं आईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत बघून म्हणाली, "आरते, तिघांला वाढ. मलाबी भूक लागलीय."