लुशाच्या लसूणकांद्याची पिल्लं

आमच्या झागोर्ये गावात दोन गोष्टी सगळ्यांना पाठ. एक, रोप किंवा बी कुणी दिलं तर 'उपकार झाले' म्हणायचं नाही. म्हटलं की ते मेलंच. मुकाट घ्यायचं आणि चालू लागायचं. दुसरी, मागून आणलेल्यापेक्षा चोरलेलं रोप झकास धरतं. पहिलीवर लोकांचा देवाइतका विश्वास. दुसरीवर त्याहून जास्त, कारण ती सोयीची.

लुकेर्या, म्हणजे आमची लुशा, या दुसरीनं नागवली गेली आणि पहिलीनं तिनं ते वसूल केलं. मी तिच्या समोरच राहतो, गावाच्या चुली आणि धुराडी बांधतो. माझ्या पोटमाळ्याच्या खिडकीतून तिचा मळा तळहातासारखा दिसतो, त्यामुळं जे सांगतोय ते बघितलेलं सांगतोय.

लुशा व्यात्का नदीच्या वरल्या अंगाच्या गावातून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या शालीच्या गाठीत सोनंनाणं नव्हतं, लसूणकांदा होता. आईनं दिलेला. शहाणी माणसं त्याला काय म्हणतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्याकडं सगळे म्हणतात, बाप लसूण, आई कांदा. चव कांद्यासारखी गोडसर, वास लसणाचा पण माजोरा नव्हे, आणि गड्डा बाप्याच्या मुठीएवढा. वर जांभळ्या फुलांचा गोंडा येतो, पण त्यात बी धरत नाही. खेचरासारखाच तो, दिसायला दांडगा आणि पोटाला वांझ.

मग वाढतो कसा? गड्ड्याला बाहेरून, सालीखाली, तपकिरी पिल्लं चिकटलेली असतात. हरभऱ्याएवढी, टणक, अक्रोडासारख्या कवचाची. पिल्लू लावलं की पहिल्या साली गवताचं पातं उगवतं आणि खाली एकच गोळा होतो, पाकळ्या नसलेला, साध्या कांद्यासारखा. तोच गोळा पुन्हा लावला की दुसऱ्या साली पाकळ्यांचा गड्डा. नुसत्या पाकळ्याच लावत गेलं तर पाच-सहा वर्षांत जात खंगते. आणि खरी गोम अशी, की कवचाला टवका पाडल्याशिवाय पिल्लू उगवत नाही. एक वर्ष नुसतं झोपून राहतं. हे लुशाला आईनं सांगितलेलं. तिनं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तिचा नवरा इग्नात पातळ बर्फावर जाळी टाकायला गेला तो परत आला नाही. पोरबाळ नव्हतं. हे सांगून मी कुणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. तिला वासरांच्या गोठ्यावरचं काम होतं, एक शेळी होती आणि जीभ होती. शेळी मारकी होती, जीभ तिच्या वरताण.

शेजारचं घर तिच्या थोरल्या जावेचं, फाइनाचं. मधे काटक्यांचं कुंपण. फाइना गावातलं दुकान चालवायची. तिच्या तराजूत अंगठ्याचंही वजन धरलेलं असे, हे माहीत असून आम्ही तिथंच साखर घ्यायचो, कारण दुसरं दुकान नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी, ऐन काढणीच्या तोंडावर, लुशाच्या पित्ताशयात खडे निघाले आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन फाडली. जाताना ती गाडीतून ओरडली, "आक्का, शेळीला पानी दावा. वाफ्याला हात लावू नगा, मी येतीच."

परत आली ती पोटाला पट्टा बांधून, हातात बोचकं घेऊन. घरात गेलीच नाही. सरळ मळ्यात गेली आणि उभी राहिली. वाफा मोकळा होता. नुसता मोकळा नव्हे, दाताळं फिरवून गुळगुळीत केलेला, घरातल्या मेलेल्या माणसाचा पलंग आवरून ठेवतात तसा. कुंपणापलीकडं फाइनाच्या ओसरीवर लसूणकांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या.

"आक्का," लुशा म्हणाली, "माजा लसूनकांदा तुमच्या वसरीवर चालत गेला का उडत?"

"आता गं बया! कुजला असता की जमिनीत. मी उपटला म्हनून वाचला."

"वाचला ना? मग द्या."

"तुजाच कशावरनं? सासूचा मळा, सासूचा लसून. दोन सुना, दोगींचा वाटा. तू इतकी वर्सं खाल्लास, आता मी खाते."

"माज्या आयनं दिल्ता मला. सगळ्या गावाला ठावं हाय."

फाइना हसली. हसताना तिचा सोन्याचा दात दिसायचा. "मग आसं समज, चोरलेला हाय. चोरलेलं झकास लागतं म्हनत्यात, बगू तरी!"

फाइनाच्या दारासमोरच्या बाकावर बसलेल्या बायाही हसल्या. दुकान एकच होतं ना. मी हसलो नाही, पण बोललोही नाही, मलाही साखर लागत होती.

त्या दिवसापासून लुशा फाइनाशी जास्तच गोड बोलायला लागली. आक्का, तुमी, या बसा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जी शेळी शिंग मारायच्या बेतात असते ती आधी एक पाऊल मागं सरते.

चोरलेलं खरंच झकास लागलं. दुसऱ्या साली फाइनाचे गड्डे बघायला लोक येऊ लागले. तिसऱ्या साली जिल्ह्याच्या सुगीच्या जत्रेत तिला पहिलं बक्षीस, गळ्यात मानाचा पट्टा, वर्तमानपत्रात फोटो. खाली छापलेलं, 'फाइनाचा लसूणकांदा'. तो फोटो तिनं दुकानात तराजूच्या वर चिकटवला. लुशा मीठ आणायला गेली की मान वर करून बघायची आणि म्हणायची, "फोटूत बारीक दिसताय, आक्का."

पण फाइनाला पिल्लांचं ठाऊक नव्हतं. गड्डे साफ करताना साल सोलली की तिच्या हाताला त्या तपकिरी गाठी लागत. तिला वाटलं चामखिळी आहेत, काहीतरी रोग आहे. नखानं उकलून ती त्या सालपटांबरोबर कुंपणाच्या कडेला उकिरड्यावर टाकायची. आणि दर वर्षी, फाइना दुकानात गेली की, लुशा त्या उकिरड्यावर गुडघे टेकून बसायची. सालपटं चाळायची, कोंबड्यांना हुसकायची.

एकदा फाइनानं पकडलंच तिला. "लुशे! उकिरडा हुंगायची पाळी आली व्हय गं?"

"कोंबड्यांस्नी टाकते, आक्का. तुमचा उकिरडाबी आमच्या मळ्यापरास कसदार."

"ने की मग. सगळ्या चामखिळी ने. माजी घान गेली तेवडी."

लुशानं नेल्या. न्हाणीघराच्या मागं, जिथं फाइनाच्या कुठल्याच खिडकीची नजर पोचत नाही, तिथं तिचा नवा वाफा होता. माझ्या पोटमाळ्याची पोचायची, म्हणून मला दिसलं. पण तिथं काय लावते ते कळलं नव्हतं. कळलं ते बाकावर.

शरद लागला की आमच्याकडं बाया बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतात. दातांत धरायची, कट्, टरफल थू, बी पोटात. लुशाही बसायची, फाइनाच्या शेजारीच, मांडीला मांडी लावून. कट्, थू. एकदा मी तिच्यासमोर धुराड्याच्या विटा उतरवत होतो. बघतो तर बी तोंडात जाते, कट् वाजतं, टरफलाचा टवका बाहेर पडतो, पण गिळत काहीच नाही. फोडलेलं ती हळूच मुठीत घेते आणि उजव्या खिशात टाकते. डाव्या खिशातून न फोडलेलं काढते. डावा खिसा रिकामा होतोय, उजवा भरतोय. फाइनाच्या उकिरड्यावरची पिल्लं, फाइनाच्याच बाकावर, फाइनाशी गप्पा मारत दातानं टवकून तयार करत होती बाई! लसणाचा वास येत होता खरा, पण काढणीच्या दिवसांत आमच्या गावात तोंडाला लसणाचा वास कुणाच्या येत नाही?

मला बघताना बघून ती म्हणाली, "भावजी, विटा पायावर पडतील. खाली बगा."

मी खाली बघितलं.

वर्षं गेली. नुसत्या पाकळ्यांवर चाललेला फाइनाचा लसूणकांदा खंगत चालला. मुठीएवढा होता तो अंड्याएवढा झाला, पातं पिवळं पडू लागलं. तिनं शेण घातलं, राख घातली, पाद्र्याकडून पाणी शिंपडून घेतलं. लुशा कुंपणावर हात ठेवून हळहळायची, "दिष्ट लागली, आक्का. फोटूला लागली."

मग एका हिवाळ्यात मधेच बर्फ वितळलं, फाइनाच्या सखल वाफ्यात पाणी साचलं आणि त्यावर पुन्हा बर्फ गोठलं. वसंतात फाइनानं उकरून बघितलं तर हाताला नुसता लिबलिबीत लगदा. एक पाकळी शाबूत नाही.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी लुशानं आपल्या ओसरीवर वेण्या टांगल्या. रस्त्याकडंच्या बाजूला. एकेक गड्डा असा, की एखाद्याच्या डोक्यात घातला तर माणूस आडवा व्हावा. दिवसभर गाव येऊन बघून गेलं. संध्याकाळी सगळ्या बाया बाकावर असताना फाइना आली. जत्रा तोंडावर होती. पुढल्या जत्रेत तरी काही मांडायचं म्हणजे यंदाच लावायला हवं होतं.

"लुशे," ती म्हणाली, "थोडं बियानं दे की गं."

"कशाचं, आक्का?"

"मस्करी नगं करू. लसूनकांद्याचं."

"कुनाचा लसूनकांदा? फोटूत तर 'फाइनाचा' लिवलंय. माज्याकडं न्हाई तो."

बाया बिया फोडायच्या थांबल्या. फाइनाची मान लाल झाली. "तुजा," ती म्हणाली.

"भावजी, तुमास्नी आयकू आलं का? मला फाडल्यापास्नं जरा कमी आयकू येतंय."

पोट फाडल्यानं कान कसे जातील? पण मी म्हटलं, "न्हाई आलं."

"लुशाचा!" फाइना ओरडली. "लुशाचा, लुशाच्या आयचा! झालं?"

लुशा उठली आणि घरातून ओंजळ भरून पिल्लं घेऊन आली. फाइनानं बघितली आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं, सोन्याच्या दातासकट.

"ह्या... ह्या चामखिळी?"

"पिल्लं हायती ती. तुमी टाकत व्हता, मी येचत व्हते. घान गेली तेवडी, न्हाई का?"

"कशी लावू?"

"खोल लावा. बर्फाच्या आदी. माजी आय लावायची तशी." आणि टवक्याचं एक अक्षर नाही. ओंजळीतली सगळी गुळगुळीत होती. मी बघितलं, एकालाही दाताची खूण नव्हती. डाव्या खिशातली होती ती.

फाइनानं पदरासारखा एप्रन पसरून ती घेतली आणि रीतीप्रमाणं मुकाट पाठ फिरवली.

"आक्का, कायतरी राह्यलं की."

"काय?"

"उपकार झाले म्हनायचं."

"रोपाला म्हनत न्हाईत ते," फाइना हळू म्हणाली. "मरतं."

"चोरलेल्याला म्हनत न्हाईत. हे तर मी दिल्यालं हाय. म्हना, न्हाईतर ओता परत."

फाइना एप्रनकडं बघत राहिली. मग दात आवळून म्हणाली, "उपकार झाले."

"बास. आता जावा."

पुढल्या वसंतात फाइनाचा वाफा मोकळा होता. बर्फ गेलं, चिखल वाळला, सगळ्यांचा लसूण वीतभर झाला, तिचा वाफा मात्र गुळगुळीत. ती रोज सकाळी येऊन उभी राहायची, हात लोंबते सोडून, एकेकाळी बोचकं घेऊन दुसरी कुणी उभी होती तशी. लुशा रोज सकाळी त्याच वेळेला कुंपणाशी शेळीचं दूध काढायला बसायची. शेळी गोठ्यात नीट दूध देत असताना.

"मारलंस तू त्याला," फाइना म्हणायची. "माज्या तोंडातनं वदवून मारलंस."

"जीब तुमची, आक्का. मी काय करू?"

उन्हाळ्यात एकदा मी लुशाच्या चुलीचं धुराडं साफ करायला गेलो होतो. तिनं काळा पाव, खारवलेलं डुकराचं मांस आणि लसूणकांद्याची पाकळी समोर ठेवली. मी म्हटलं, "वयनी, आता पुरं करा. सांगून टाका तिला, मेली न्हाईत, झोपल्यात. पुडल्या साली येतील."

लुशा पाव कापायची थांबली नाही. "भावजी, तुमी कदी टाके घातलेलं पोट धरून मोकळ्या वाफ्याम्होरं हुभं ऱ्हायलाय?"

"न्हाई."

"मग खावा."

मी खाल्लं. चांगलं होतं.

त्याच्या पुढल्या वसंतात फाइनानं त्या वाफ्यात गाजर पेरलं. गाजराचं बारीक रोप वर आलं आणि त्याच्यामधून, ओळीनं, हिरवी पाती वर आली. सरळ, नाजूक, अगदी गवतासारखी. फाइना बुटक्या स्टुलावर बसून निंदायला लागली. गाजर निंदावं तर नीटच निंदावं लागतं, आणि फाइनाचा हात कामाला चोख, हे शत्रूनंही मान्य करावं. एकेक पातं चिमटीत धरायची, मुळासकट उपसायची, झटकायची आणि कुंपणाकडं उन्हात फेकायची.

लुशा शेळीला घेऊन कुंपणाशी आली. फेकलेली पाती बघितली. प्रत्येकाच्या बुडाशी फुटलेलं तपकिरी कवच लोंबत होतं. फाइनानं एकदा जरी उचलून बघितलं असतं तर तिला कळलं असतं. लुशानं कुंपणाच्या फटीतून शेळीचं तोंड आत घातलं. शेळी ती पाती कुरकुरत खायला लागली.

"लई गवत झालंय गं यंदा," फाइना मान वर न करता म्हणाली.

"व्हय की," लुशा म्हणाली. "नीट निंदा, आक्का. एक काडी ठिवू नगा."