दत्ताच्या वर्गातल्या दोन पट्ट्या

सेलूच्या स्टेशनवर मला सोडायला आलेली माय रडली नाही. गाडी हलताना एवढंच म्हणाली, "जाय बाबा. माझी काळजी करू नको, माझं काळीज दगडाचं हाय." मी ते शब्दशः घेतलं आणि निर्धास्त पुण्याला आलो. तिथं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीचा शिक्षक झालो. शब्दशः अर्थ कुठला आणि लाक्षणिक कुठला, हे मुलांना समजावणं माझं काम झालं.

स्मार्टबोर्डवर मी दोन रकाने करतो. 'पोटात कावळे ओरडतात' कुठं टाकायचं ते मुलं बरोबर सांगतात, मार्क घेतात, पण हसत नाहीत. एकानं विचारलं, "सर, असं बोलतं कोण?" माझ्या घरातही असं कुणी बोलत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

आमचं वालूर गाव सोडलेले आणि वालुरातच राहिलेले, तुम्ही दोघंही हे वाचाल म्हणून खरं लिहितो. मला दत्ताचा हेवा वाटतो. दत्ता माझ्याच बाकावरचा, अभ्यासात माझ्या मागं असलेला. आज गावातच मास्तर आहे. मायच्या डोळ्यांत थेंब कधी घालायचे, तिला कोणती भाजी चाववत नाही, सगळं त्याला ठाऊक. पूर्वी तिला काकू म्हणायचा, आता माय म्हणतो. मी फोनवर काही विचारलं की ती म्हणते, "दत्ता बघायलाय ना समदं." मग माझं जेवणात लक्ष लागत नाही.

यंदा दिवाळीनंतर तिला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवून मी गेलो. तर म्हणाली, "शुक्रवारी न्हाई जमायचं. मला वर्गावर जायचंय."

दत्तानं एक रीत पाडली आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आळीपाळीनं वर्गात बोलावतो. खाली दोन पट्ट्या अंथरलेल्या असतात, एक 'खरंखुरं'ची, दुसरी 'बोलण्यापुरतं'ची. पाहुण्यानं एक वाक्य बोलायचं, पोरांनी पळत जाऊन पट्टी धरायची, मग भांडायचं. निकाल पाहुण्याचा.

शुक्रवारी मी वर्गात मागं जाऊन बसलो. माय खुर्चीत होती.

"माझे गुडघे बोलायलेत," ती म्हणाली. पोरं 'बोलण्यापुरतं'वर धावली. एक पोरगा 'खरंखुरं'वरून हटला नाही. "खरंच बोलतेत आजी. तू उठलीस की कटकट वाजतंय, मी ऐकलंय." सगळ्यांत जास्त मायच हसली. पुण्यात माझ्या घरी राहून गेली तेव्हा अशी हसल्याचं मला आठवत नाही.

मग ती म्हणाली, "मला दोन लेक हायत."

मी एकुलता, हे गावाला माहीत. माझ्याकडं बघत पोरं 'बोलण्यापुरतं'वर जमली. एक मुलगी तेवढी 'खरंखुरं'वर एकटीच उभी राहिली.

"का गं?" दत्तानं विचारलं.

"सर, बोलताना आजी हसली न्हाई."

"हिचं बराबर हाय," माय म्हणाली.

दत्ता फळा पुसायला लागला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मानलेला मुलगा हा लाक्षणिक अर्थ, मुली, तुझा मार्क कापावा लागेल, असं उठून सांगावंसं मला फार वाटलं.

संध्याकाळी मी पुन्हा पुण्याचा विषय काढला. माय शेंगा फोडत बसली होती. "तू रुसायलास," ती म्हणाली. "लहानपणी वाटीतला लाडू कुणी उचलला की असंच तोंड करायचास. आरं, तू तिकडं, मी हिकडं. हाक मारली तर कुणी तरी ओ द्यायला पाहिजे का न्हाई?"

ती आली नाही. मीही मग तिला ओढून नेलं नाही.

पुण्याच्या फ्लॅटला मी घर म्हणतो ते पत्ता सांगण्यापुरतं. खरं घर मायच्या हाकेपुरतं उरलंय. ती हाक मारते, आणि दोन गल्ल्यांवरून दत्ता ओ देतो.