तापाचं सुतक

"गो शिस्टर, माझ्या घरात मेला कोण? वायच सांग बघू माका."

सकाळी साडेनऊला उपकेंद्राचं कुलूप काढलं आणि मागे वळले, तर दारात सुलोचनाकाकी. डोक्यावर माशांची पाटी नाही. म्हणजे आज ती मालवणच्या बाजाराला गेलीच नव्हती. गणपतीला तीन दिवस उरलेले. या दिवसांत काकी धंदा बुडवून कुणाशी बोलायलासुद्धा थांबत नाही, आणि ती माझ्याकडे आली होती.

मी म्हटलं, "काकी, सकाळी सकाळी असं काय बोलता? कोणी मेलं नाही."

"मगे आमका सुतक कित्याक धरूक लावलंस?"

आता मागचं सांगते. साल २००९. तोंडवलीजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात मी आरोग्यसेविका होते. सरकारी कागदावर एएनएम, गावाच्या तोंडी शिस्टर. गरोदर बायकांची नोंद, पोरांना लसी, तापाच्या गोळ्या आणि वाट्टेल त्या रकान्यांची रजिस्टरं, हे माझं काम. त्या पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लूनं धुमाकूळ घातला होता. टीव्हीवर दिवसभर मास्क लावलेली माणसं दिसायची. आमच्या गावात त्याचं बारसं 'डुकराचो ताप' असं होऊन गेलं होतं. आमच्याकडे कोणी डुकरं पाळत नाही, तर तो आमका कसो येतलो, असं मला किराणावाल्यानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मास्क म्हणाल तर पाहण्यात दोनच होते. एक माझा आणि एक एसटीच्या कंडक्टरचा. तिकीट फाडताना त्याला बोट जिभेला लावायची सवय, त्यामुळे त्याचा कायम हनुवटीवर.

आम्हाला वरून सूचना होत्या. पुण्या-मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची चौकशी करायची, ताप-खोकला असेल तर डॉक्टरांना कळवायचं. जास्त ताप पण श्वास नीट, असा पेशंट असेल तर त्याला 'होम आयसोलेशन'. म्हणजे घरातच वेगळ्या खोलीत सात दिवस राहायचं. ताट-तांब्या वेगळा, कोणी जवळ जायचं नाही, त्यानं कोणाकडे जायचं नाही. आज हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा हे ऐकून लोक माझ्याकडे मी वेडी झाल्यासारखे बघायचे.

काकीचा मुलगा संदीप पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. गणपतीच्या पाच दिवस आधी तो आला आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणला. मी डॉक्टरांना फोन केला. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर तरुण होते, हुशार होते आणि सदा घाईत असायचे. ते येऊन तपासून गेले. संदीपची तब्येत दणकट होती, धाप नव्हती. जाताना मला म्हणाले, "सिस्टर, होम आयसोलेशन. नीट समजावून सांगा."

समजावून सांगण्यात माझा हातखंडा, असं मला वाटायचं. अवघड शब्द सोपा करून सांगायची मला खोडच आहे. काकी, संदीप, दोन शेजारणी असे ओटीवर बसले होते. मी आयसोलेशन सांगितलं, कोणाला कळलं नाही. विलगीकरण सांगितलं, ते तर मलाच नीट उच्चारता आलं नाही. शेवटी म्हटलं, "अहो, सोपं आहे. सुतकात आपण कसं कोणाकडे जात नाही, कोणी आपल्याकडे जेवत नाही? तसंच. सात दिवसांचं सुतक समजा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वाक्यात काम फत्ते. मी खूश होऊन चालू लागले. माझ्या डोक्यात तेव्हा रजिस्टर होतं, गणपती नव्हता.

सुतकात घरात गणपती बसत नाही, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. आणि काकीच्या घरचा गणपती तिच्या एकटीचा नव्हता. सारंगांच्या अख्ख्या भावकीचा तो एकच गणपती. नवरा गेल्यानंतर सात वर्षं काकीनं पाटी वाहून तो नेटानं चालवला होता. मूर्तीसाठी घरचा पाट गणपतीशाळेत कधीच देऊन झाला होता आणि त्यावरची मूर्ती रंगून तयार होती. माझं वाक्य संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. भावकीतले वडीलधारे म्हणजे दाजी. त्यांनी निकाल दिला, की घरात सुतक आहे असं खुद्द सरकारी बाईनं सांगितलं आहे, पण ते मरणाचं नसल्यामुळे भावकीला न लागता ताप असलेल्या घरापुरतंच, तेव्हा यंदा गणपती दाजींच्या घरी बसेल. गणपतीशाळेत तसा निरोपही गेला.

"दाजीन सांगल्यान, आता एकदा थंय गेलो काय कायमचो थंयच रवतलो," काकी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझ्या घोवाच्या मागे ह्या एकच माझ्याकडे ऱ्हवलेला."

मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. मी तशीच सायकल काढून दाजींकडे गेले. दाजी ओटीवर बसून माटवीच्या लाकडी पट्ट्या पुसत होते. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची ती चौकट त्यांनी काकीकडून आणवलीसुद्धा होती.

मी म्हटलं, "दाजी, माझा शब्द चुकला. ताप म्हणजे सुतक नव्हे."

"शिस्टर, तुमी शिकलेली माणसा. सुतक असला तर आसा, नसला तर नाय. ह्यां काय दर घटकेक बदलता?"

मग मी सहज विचारलं, "मनाली कुठे आहे? तिचं वजन करायचं राहिलंय." मनाली ही दाजींची सून. आठवा महिना लागलेला, माझ्या रजिस्टरात तिचं नाव होतं.

"ती माहेराक गेली. मसुऱ्याक."

मी निघाले. त्या दिवशी तापाच्या चौकशीला मी बावीस घरं फिरले. एकाही घरात ताप नाही. खोकला नाही, सर्दी नाही, साधी शिंकसुद्धा नाही. भर पावसाळ्यात! एका घरात तर मी दारात असताना आत कोणीतरी खोकलं आणि मालक म्हणाला, "मांजर आसा." मी डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट दिला.

"बावीस घरं, शून्य पेशंट? सिस्टर, हे कसं शक्य आहे?"

"सर, लोक लपवतायत."

"का?"

"सुतक लागेल म्हणून."

"सिस्टर, गाइडलाइनमध्ये सुतक कुठे आहे?"

मी घडलेलं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण एकच बोलले आणि ते मला आजही टोचतं. "तुमच्या गावात गरोदर बायका किती आहेत? त्यांच्यापैकी कोणी ताप लपवला तर?" गरोदरपणात हा फ्लू छातीत लवकर उतरायचा. बाईच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. त्यावर टॅमीफ्लूच्या गोळ्या होत्या, पण ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा खरा उपयोग. नऊ गरोदर बायका होत्या माझ्या यादीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी पुन्हा दारात. मला वाटलं, भांडायलाच आली.

"मनाली माहेराक गेलेली नाय," ती म्हणाली. "काल सकाळपासून खोकता. गडग्याच्या अलीकडे माका ऐकाक येता. संदीप इलो त्या दिवशी ती पेढे घेवक आमच्याकडे इलेली. तेच्या बाजूकच बसलेली."

दोन्ही घरांच्या मध्ये दगडी बांधाचा गडगा तेवढा होता. मी घड्याळ बघितलं. काल सकाळपासून. वेळ अजून हातात होता, पण फार नव्हता.

"काकी, चला माझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर इलंस तर दाजी आणखी चिडतलो."

"चिडू दे."

दाजींच्या ओटीवर मी चढले आणि सरळ विचारलं, "मनालीला ताप किती आहे?"

दाजींनी आधी काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगलंय मां, ती मसुऱ्याक..." तेवढ्यात आतून खोकला आला. मांजराचा नव्हता.

मी म्हटलं, "दाजी, तिला आज औषध मिळालं पाहिजे. उद्या नाही, आज. उशीर झाला तर ओरोसला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तिथे तुम्ही हात जोडून बसलात तरी उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही."

दाजी पट्ट्या पुसायच्या थांबले. आता त्यांचा चेहरा वडीलधाऱ्याचा राहिला नव्हता, घाबरलेल्या सासऱ्याचा झाला होता. "शिस्टर, तुमी तिचा नाव लिवलात काय माझ्या घराक पण सुतक. सुलोचनाच्या घराक सुतक, माझ्या घराक सुतक. मगे सारंगांचो गणपती बसतलो खंय? पिढ्यांचो गणपती माझ्या हातान चुकवू?"

आणखी एखादा सोपा शब्द सांगायची माझी हिंमत होईना. तेव्हा काकी पुढे झाली.

"दाजीनू, मी गणपतीचो नैवेद्य करतंय तेव्हा माका कोण शिवता?"

"कोण शिवतलो? तू सोवळ्यात असतंस."

"माझा ताट वायला, सगळ्यांपासून येगळा. माझो तांबयो वायलो. पोरा जवळ इली तर मी वराडतंय. मगे तां काय सुतक?"

दाजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"शिस्टरीन खोटा काय सांगूक नाय. फकत शब्द उलटो सांगल्यान. माझो संदीप सोवळ्यात बसलो आसा, तुमची मनाली पण सोवळ्यात बसात. कोणी शिवूचा नाय, कोणी जवळ जावचा नाय. सोवळ्यान खंय गणपती अडता?"

खरं सांगते, मला स्वतःला सोवळं-ओवळं कधी पटलेलं नाही. आणि तापात पडलेला माणूस सोवळ्यात, हे कुठल्याही भटजीनं मान्य केलं नसतं. दाजीही काही भोळे नव्हते. ते काकीच्या शब्दाला भुलले नाहीत. त्यांना परत फिरायला वाट हवी होती आणि काकीनं ती करून दिली. त्यांनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "शिस्टर, रिक्षा सांगूया?"

मनालीला आम्ही आरोग्य केंद्रात नेलं. ताप एकशे दोन, छाती साफ. डॉक्टरांनी स्वॅब घेतला, म्हणजे घशातला नमुना काडीवर घेऊन तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागायचा, म्हणून गोळ्या तिथल्या तिथे सुरू केल्या. नोंद करताना त्यांनी विचारलं, "पेशंट घरी कुठे राहणार?"

"मधल्या खोलीत, सोवळ्यात," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होम आयसोलेशन लिहा, सर."

त्या संध्याकाळी दाजींनी स्वतः माटवी खांद्यावर घेऊन काकीकडे पोचती केली. गणपती काकीच्याच घरी बसला. पूजा दरवर्षी संदीप करायचा, यंदा दाजींनी केली. मी अट घातली होती, म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळून. त्यामुळे मंत्र कोणाला कळले नाहीत, पण ते एरवीही कोणाला कळत नसत. भजनाची मंडळी घरात न बसता खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मांडवाखाली बसली. संदीपला माडांतल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, हलवलं होतं; तो खाटेवर पडून तिथूनच झांजा वाजवत होता आणि दर आरतीला एक ठोका मागे राहत होता. मुख्य म्हणजे दोन दिवसांत गावात अकरा तापाचे पेशंट निघाले. त्यातले बहुतेक साध्या थंडीतापाचे होते, पण निघाले. मांजरवाल्याची आईही त्यात होती.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी कौतुकानं ही गोष्ट सगळ्या सिस्टरांना सांगितली. आठवड्यात वरच्या अंगाच्या एका उपकेंद्रातून मला फोन आला. "तुझं ते सोवळं मी इथं सांगितलं. आता साधी सर्दी झालेली माणसंसुद्धा सोवळ्यात बसलीत. घरचे ताट नेऊन देतायत आणि भाताच्या कापणीला कोणी यायला तयार नाही. काय करू?" मी म्हटलं, तुझ्या गावातल्या एखाद्या काकीला विचार.

मनालीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तोवर तिचा ताप उतरूनही गेला होता. तिला दिवस भरून मुलगी झाली, पावणेतीन किलो. बारशाला दाजींनी मला ओटीवर पहिल्या पाटावर बसवलं. काकी माझ्या शेजारी. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "काकी, दाजींनी तुमचा गणपती उचलून नेला होता. मनालीचं तुम्ही मला सांगितलं नसतं, तरी कोणी तुम्हाला बोल लावला नसता."

काकीनं पाळण्याकडे बघितलं. "गणपती औंदा नाय तर फुडच्या वर्सा इलो असतो, गो. ह्या कसा येतला होता?"

मी समोरच्या घुगऱ्या खाल्ल्या.

पुढे माझ्या नोकरीत बऱ्याच सूचना आल्या, बरीच पुस्तकं आली, बरेच जड शब्द आले. ते सोपे करायची खोड काही माझी गेली नाही. फक्त गावात बोलण्याआधी मी ते काकीच्या ओटीवर बोलून बघायचे. ती मासे साफ करता करता ऐकायची. मान हलवली तर मी पुढे जायचे, आणि सुरी थांबली तर दुसरा शब्द शोधायचे.