गुरुवारपुरती घरची माणसं

नाशिकहून निघालेली गाडी रायपूरला पोचली तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. प्लॅटफॉर्मवर माझी मावसबहीण सुनंदा उभी होती. मूळची आमच्या अमरावतीचीच, पण नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे रायपूरला आली ती इथलीच झाली. "काहून गं, एवढी बारकी झाली? भाऊजी जेवाले देत नाहीत का तुले?" हे तिचं स्वागत. मागून तिची मुलगी मृणाल हसत आली आणि तिने माझी बॅग उचलली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र हिंदीत येतं. "मौसी, कल गाँव चलना है, आज आराम कर लो."

समता कॉलनीतल्या घरी चहा घेताना गावाचा उलगडा झाला. मृणाल नवा रायपूरच्या एका संस्थेत काम करते. अभनपूरच्या पुढच्या एका गावातल्या बायांना घरी पाहुणे उतरवायला शिकवणं, हे सध्या तिचं काम. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं, की शंभर गाड्या त्या तळ्याकाठी जाऊन उभ्या राहतील आणि मग लिहिल्याचा पश्चात्ताप मलाच होईल.

पर्यटनाने गरिबी हटते, हे वाक्य मी इतक्या पुस्तिकांत वाचलंय की माझा त्यावरचा विश्वास उडाला होता. मी स्वतः राहिलेय अशा ठिकाणी. गाद्या शहरातल्या, आचारी शहरातला, मालक तर त्याहून लांबचा, आणि गावकऱ्याच्या हातात केरसुणी. मृणालला मी तसं तोंडावर सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "इसीलिए तो बुलाया है आपको. देख के बोलना."

उद्याचा दिवस का महत्त्वाचा, तेही तिने सांगितलं. धान कापून झालं, की त्या पाऱ्यातली (वस्तीतली) निम्मी घरं कुलूप लावून दूरच्या राज्यांतल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पाहुणे उतरवायला तयार झालेल्या बायांची पुढारी बिसाहिनबाई. तिचा मुलगा आणि सून गोमती दर वर्षी लहान लेकीला तिच्यापाशी ठेवून जातात. यंदा तिने दोघांना थांबवून धरलं होतं. कोलकात्याच्या एका प्रवासी कंपनीचे दत्तसाहेब उद्या चाचणीसाठी पहिला गट घेऊन येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर थंडीभर गट येणार आणि गोमती घरीच राहणार. नाही पडलं, तर मजूर न्यायला येणाऱ्या मुकादमाची गाडी परवाच होती.

सकाळी आम्ही तिघी निघालो. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की आमच्या नाशिकच्या रिक्षावाल्याला तिथे चुकल्याचुकल्यासारखं होईल. अभनपूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेतं लागली. मग तळं आलं, वर कमळाची पानं, आणि काठाने छुहीने (पांढऱ्या मातीने) सारवलेल्या भिंतींची घरं. मी गाडीतून उतरले आणि पहिल्याच दारात थबकले. उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढलेली. दुसऱ्या दारातही तीच, तिसऱ्यातही.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"अगहन बिरस्पत हे, दीदी," बिसाहिनबाई म्हणाली. उंच, काटक बाई, बोलणं हळू. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष, बिरस्पत म्हणजे गुरुवार.

सुनंदाने कपाळावर हात मारला. गटाची तारीख ठरवताना मृणालने घरातलं मराठी कॅलेंडर पाहिलं होतं, आणि त्यात हा गुरुवार कार्तिकातच होता. आपला महिना अमावस्येला संपतो, यांचा पौर्णिमेलाच संपतो. आमचा मार्गशीर्ष अजून लागायचा होता आणि यांचा लागूनही गेला होता. "इतके वर्स झाले इथं राहून," सुनंदा म्हणाली, "अन् तरी आपण आपलंच कॅलेंडर पाहून राहिलो." मृणालने विचारलं तेव्हा बायांनी तारखेला "हव" (होय) म्हटलं होतं. वार नंतर ध्यानात आला. पण येणाऱ्या पाहुण्याला येऊ नका म्हणून फोन करायचा? ते त्यांच्या जिभेवर येणंच शक्य नव्हतं.

यात एवढं बिघडलं काय, असं वाटेल. बिघडलं होतं ते असं, की या पाऱ्यात त्या दिवशी चुलीवर शिजलेलं सगळं लक्ष्मीचा प्रसाद असतं आणि ते घरच्याच माणसांनी खायचं असतं. बाहेरच्या कुणाला द्यायचं नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही.

बायांनी आपल्या परीने तोड काढली होती. दत्तसाहेबांच्या अटीप्रमाणे तळ्याकाठी मंडप होता, खुर्च्या होत्या, टेबलं होती. टेबलांवर मात्र अभनपूरच्या बाजारातून आणलेले समोसे, केळी आणि बिस्किटांचे पुडे रचले होते. बाजारचं खाणं घरचं नसतं, तेव्हा ते पाहुण्यांना चालतं. मला हसूही आलं आणि काळजीही वाटली.

पाहुण्यांची बस आली. बहुतेक निवृत्त झालेली बंगाली मंडळी, उत्साही आणि बडबडी. दत्तसाहेब जाडसर, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी मंडपात एक चक्कर मारली, एक समोसा उचलून परत ठेवला आणि मृणालला शांतपणे म्हणाले, "ये तो हावड़ा में भी मिलता है."

मृणालचा चेहरा उतरला. कोपऱ्यातल्या बिसाहिनबाईच्या घराच्या ओट्यावर गोमती लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिच्यामागे, दाराच्या आत, एक गाठोडं बांधून ठेवलेलं मला दिसलं. मी पटकन नजर फिरवली.

बाया लिंबाखाली गोळा झाल्या आणि वाद सुरू झाला. कुणी म्हणे उद्यापर्यंत थांबवा, कुणी म्हणे आजच्या दिवस चालवून घ्या, त्यावर दुसरी कानावर हात ठेवी. नियम मोडायला कुणीच तयार नव्हतं आणि मला ते आवडलं. राहवलं नाही म्हणून मी मृणालकरवी विचारलं, "लेक लग्न होऊन गेली की परकी. मग सून? ती तर दुसऱ्याच घरची."

"बहू त घर के हे," शेजारीण म्हणाली. (सून तर घरचीच.)

"कशाने झाली घरची?"

"गोड़ धोवा के भीतर लाने, त घर के होगे." (पाय धुऊन आत आणली, की घरची झाली.)

ती बोलून गेली आणि थांबली. सगळ्याच थांबल्या. बिसाहिनबाईने बंगाली मंडळींकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे.

"त एहू मन के गोड़ धोवा देथन," ती म्हणाली. (तर यांचेही पाय धुऊ.)

त्यानंतर जे झालं ते पाहून माझं मन भरून आलं. दारोदारी पाण्याचे लोटे आले. पाहुणे घराघरांत वाटले गेले आणि ज्याचे पाय जिथे धुतले, तो आजपुरता त्या घरचा झाला. तिथेच जेवायचं, शेजारी चव घ्यायला जायचं नाही. चपला काढताना म्हातारी मंडळी लहान मुलांसारखी हसत होती. एका आजीबाईंनी दारातली पावलं पाहिली आणि त्या खालीच बसल्या. त्यांच्या घरीही गुरुवारी लक्ष्मीपूजा असते. त्यांनी वाटीतल्या पिठात बोट बुडवून उरलेल्या ओट्यावर पावलं काढायला घेतली. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण दोघी-तिघी बाया त्यांच्याशेजारी बसून काढू लागल्या.

दत्तसाहेब, सुनंदा आणि मी बिसाहिनबाईच्या वाट्याला आलो. दत्तसाहेब जरा संकोचून भिंतीला टेकले, तोच बाईने त्यांच्या हातात कळशी दिली. घरचा माणूस रिकामा बसत नाही, म्हणाली. साहेब बाह्या सरसावून हातपंपावर गेले. पंप दोनदा हुलकावणी देऊन तिसऱ्यांदा त्यांच्या पँटवरच पाणी ओकला. गोमती पदरात तोंड लपवून हसली. मग त्यांना, आम्हाला, सगळ्यांना ओळीने जमिनीवर बसवून वाढलं. तांदळाच्या पिठाचे चिले (धिरडी), लाल भाजी, पाट्यावर वाटलेली पतालची (टोमॅटोची) चटणी, घरच्या नव्या तांदळाची खीर. साहेबांना मांडी घालताना त्रास होत होता, पण खीर त्यांनी तीनदा घेतली. गोमतीची लेक त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि तिला उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

जेवताना माझ्या डोक्यात माझंच कालचं भाषण फिरत होतं. मंडप अभनपूरचा, खुर्च्या अभनपूरच्या, समोसे अभनपूरचे. तिथे जेवलो असतो, तर गावाकडे उष्ट्या पत्रावळी तेवढ्या राहिल्या असत्या. इथे तांदूळ यांच्या शेतातला, भाजी परसातली, हात गोमतीचे. पाहुण्याने मोजलेला पैसा या चुलीपाशीच थांबणार होता. नियमाला धरून राहिल्यामुळे हे जमलं, नाहीतर पाहुणे मंडपातच जेवून गेले असते, घरात आलेच नसते.

दत्तसाहेब हात धुऊन आले. पँट अजून ओली होती. मृणाल दारात वही छातीशी धरून उभी होती, काही विचारायची हिंमत होत नव्हती तिची.

"होली तक ग्रुप भेजूँगा," ते म्हणाले. "मगर मंडप नहीं चाहिए. हर बार ऐसे ही. घर में."

मृणालने बिसाहिनबाईला छत्तीसगढीत सांगितलं. बाईने फक्त "हव" म्हटलं आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा अंगणात गेला, फोन लावला, मुकादमाला म्हणाला, यंदा आमचं नाव धरू नका. आत गोमतीने गाठोड्याची गाठ सोडली आणि साड्या एकेक करून खुंटीवर टाकू लागली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांनी तसाच फोन लावला. सुनंदा मला म्हणाली, "मले रडू काहून येऊन राहिलं गं?" मला स्वतःलाही तेच होत होतं.

दुसऱ्या दिवशी, मुकादमाची गाडी होती त्याच दिवशी, माझीही परतीची गाडी होती. रायपूर स्टेशनावर भट्टीकडे निघालेली माणसं प्लॅटफॉर्मभर बसली होती. गाठोडी, डेगची, पाण्याचे डबे, मधे झोपलेली पोरं. मृणालच्या एका पाऱ्याने ही गर्दी हटणार नाही, हे मला दिसत होतं आणि टोचतही होतं. असे पारे अजून पुष्कळ लागतील. तरीही मी बॅग सुनंदापाशी ठेवून प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि प्रत्येक बाईचा चेहरा नीट पाहिला. गोमती त्यांत नव्हती. बिसाहिनबाईचा मुलगा नव्हता, त्या चार घरांतलंही कुणी नव्हतं. स्टेशनावर ओळखीचं कुणी भेटलं नाही म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.