ब्रेकरच्या कडेची हातभर जागा

मित्रांनो, आज सकाळी आमच्या हर्सूलच्या गल्लीतली ती पोरगी क्लासला जाताना सायकलसकट स्पीड ब्रेकरवर पडली, आणि संध्याकाळपर्यंत माझं सगळंच बदललं.

बाईकवाले लई सुसाट जातात, म्हणून एका काकांच्या स्लॅबचा उरलेला माल टाकून गल्लीनंच हा ब्रेकर केला. मी तेव्हाच बोंबललो होतो, उंची कमी ठेवा, कडेला सायकलपुरती हातभर जागा सोडा. "मग बाईकवाले तिथूनच घुसतील," म्हणून त्या काकांनी तो पार नालीपर्यंत भरला.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ते काका तिथंच बसलेले. "कॉलेज सोडून इंजिनिअर झाला व्हय रे?"

माझं डोकं फिरलं. "काका, कडा फोडा, नायतर मी फोडतो!"

तिचे वडील शांतपणे म्हणाले, "ब्रेकर राहू दे. सायकलच विकतो. क्लासला रिक्षा लावली." ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. वडिलांनी मला विचारलं, "अन् तू कोण लागतो तिचा?"

तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं? तिच्या सायकलच्या घंटीसाठी रोज सकाळी दारात उभा राहतो, हे?

तिनं एकदा वर बघितलं. मी बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.