लोखंडातलं साल

आज कुलपाचा गंज काढायला रॉकेलची चिंधी घेतली आणि त्या वासाने अंबरनाथची शेड आठवली. गावाकडे पाचवीत शाळा सुटलेली मी तिथे जुने ट्रॅक्टर रंगवायची. ट्रॅक्टर विकणारा दलाल येता-जाता विचारायचा, "काय अंगठाबहाद्दर, पेपर वाचला का?" काम जाईल या धास्तीने मी खाली मान घालून रंग मारत राहायची.

एकदा बेलवलीचे एक काका गिऱ्हाईक म्हणून आले. आदल्याच दिवशी मी रंगवलेल्या ट्रॅक्टरवर थाप मारून दलाल म्हणाला, "शहाऐंशीचं मॉडेल, एकदम मक्खन! हिला विचारा. पण हिला कुठे वाचता येतं!"

मी चिंधी रॉकेलात बुडवली आणि इंजिनावरचा ओला रंग पुसला. लोखंडातच ओतलेले आकडे वर आले. ते ओळखायला शेडमालक गोपाळ मिस्त्रींनी शिकवलं होतं.

"काका, सालाची पाटी बदलता येते, लोखंडात ओतलेलं हे साल नाही. सात आणि एक. एकाहत्तरचा आहे."

दलालाचं तोंड रंग उडाल्यासारखं झालं. काका निघून गेले. मिस्त्रींनी मला कामावरून काढलं नाही, हे उपकार मी विसरले नाही.

तेव्हा भीतीने घाईघाईत पुसलं. आज वाटतं, दलालाच्या तोंडाकडे बघत एकेक आकड्यावरचा रंग सावकाश पुसायला हवा होता.